बानाबाईचे दोन जबाब

बन्सी हवालदारानं कागद एकदा वाचला, परत वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हातारीला सरळ विचारलं, "मावशी, पोटच्या पोराच्या गळ्यावर सुरी फिरवायची येवढी काय घाई झाली होती तुम्हाला?"

एरवी बानाबाईला कोणी असं बोलून तर दाखवावं! फुलंब्रीच्या अलीकडं त्यांची धनगरवाडी, आणि त्या वाडीत तिच्यापुढं मिशाळ गडीसुद्धा चवड्यावर बसून बोलायचे. पण हा माणूस शहरातला. फौजेत कारकुनी करून निवृत्त झालेला, आणि आता कचेरीच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या टपरीत बसून माजी सैनिकांचे अर्ज लिहिणारा. जिभेला हाड म्हणून नाही. पण कागदातलं त्याच्याएवढं कळणारा दुसरा कोणी तिला ठाऊक नव्हता, म्हणून तिनं ते बोलणं गिळलं. शेजारी सून शालू बसली होती आणि शालूच्या पलीकडं लेक खंडेराव, खाली मान घालून.

खंडेराव तेरा वर्षं फौजेत होता. बर्फातल्या रस्त्यावर गाडी घसरून उलटली, त्यात त्याचं डोकं लोखंडाच्या कडीवर आपटलं. सात टाके पडले, दहा दिवसांनी गडी परत ड्यूटीवर. आठ महिन्यांनी पहिला झटका आला. उभा माणूस आडवा झाला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मग दुसरा, तिसरा. दोन वर्षं औषधपाणी करून शेवटी फौजेनं त्याला घरी धाडला. पंधरा वर्षं भरली असती तर साधी पेन्शन तरी लागली असती, तीही हुकली. आता उरली होती अपंगत्वाची पेन्शन, आणि तिच्यासंगं मिळणारं दवाखान्याचं कार्ड. कार्ड झालं की झटक्याच्या गोळ्या जन्मभर चालू राहणार होत्या. नाही झालं तर काय होणार हे टपरीत बसलेल्या चौघांनाही माहीत होतं. गोळी चुकली की झटका, आणि झटका विहिरीच्या काठावर यावा की चुलीपुढं, हे काही तो विचारून ठरवत नाही.

"ऐका," बन्सी म्हणाला. "अपंग होऊन आलेल्या माणसाला फौज सरसकट पेन्शन देत नाही. आधी विचारते, कशानं झालं? लढाईत गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, तर त्याचा मान मोठा अन् पेन्शनही मोठी. लढाई नाही पण फौजेच्या कामामुळं झालं, ड्यूटीवर झालं, तरी बसते. तिसरं म्हणजे दुखणं माणसाचं आपलंच होतं, पण बर्फात, पहाऱ्यात, त्या दगदगीत वाढलं. त्यालाही देतात. अन् चौथं..."

बानाबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. हे तिला कोणी शिकवायची गरजच नव्हती. तिचं आयुष्य लोकांची मेंढरं राखोळीनं सांभाळण्यात गेलं होतं, आणि सांभाळायला घेतलेलं मेंढरू मेलं की मालकाशी हाच तर वाद. लांडग्यानं खाल्लं तर कान नेऊन दाखवायचा, राखणदाराला कोणी बोल लावत नाही. चरताना कड्यावरून पडलं तर राखणदाराच्या अंगावर. आधीच खोकत होतं आणि उन्हातान्हात हिंडवल्यानं मेलं तर निम्मं याचं, निम्मं त्याचं. आणि मालकानं मुळातलंच रोगट जनावर गळ्यात मारलं असेल तर राखणदार हात झटकून मोकळा.

"मपल्या लेकाला रोगट मेंढरात घातलं म्हणा की," ती म्हणाली.

"तुम्ही घातलंत! अपंगत्वाचे टक्के बरोबर दिलेत फौजेच्या डॉक्टरांनी, वीस टक्के, पेन्शन बसायला तेवढे पुरतात. पण प्रकार चौथा लावला. दुखणं जन्माचं, फौजेचा संबंध नाही. का, तर हे बघा, इथं लिहिलंय. 'आईच्या जबाबानुसार रुग्णास बालपणापासून असे झटके येत असत.' पहिला अर्ज यानंच फेटाळला, पहिलं अपील यानंच फेटाळलं. आता हे शेवटचं. दीड महिना मुदत राहिलीय."

शालूनं सासूकडं पाहिलं. तिला हे आज कळत होतं. खंडेरावनं मान वर केलीच नाही, कारण त्याला सगळं माहीत होतं.

झालं होतं ते असं. खंडेराव पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता तेव्हा बानाबाई त्याला बघायला गेली. डॉक्टर परमुलखातला, मधे एक मराठी बोलणारी बाई. तिनं विचारलं, आजी, याला लहानपणी कधी असं झालं होतं का? बानाबाईनं मनातल्या मनात हिशेब केला. कसला? वाडीतला! दुखणेकरी माणसाला नोकरीवरून काढतात, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पण देवाच्या माणसाला कोण हात लावील? म्हणून तिनं पदर सावरला आणि ताठ मानेनं सांगितलं, "हे दुखणं न्हाय बाई. हे बिरोबाचं वारं हाय. आठ वर्साचा व्हता तवापसून देव येतोय त्याच्या अंगात. असंच अंग थरथरतं, असेच डोळे फिरतात. साऱ्या वाडीला इचारा!" त्या बाईनं डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरनं लिहून घेतलं. खंडेराव खाटेवर जागा होता. त्यालाही विचारलं. बंदूक खांद्यावर घेऊन तेरा वर्षं हिंडलेला गडी, पण आईला खोटं पाडायची हिंमत काही त्याला झाली नाही. "माय सांगते ते," एवढंच बोलला.

आणि गंमत अशी की देव कधी आलाच नव्हता.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळातली गोष्ट. वाडीत एक रिवाज होता. बिरोबाचं वारं ज्या घरात खेळेल, त्या घराला जत्रेत वेताच्या काठीचा मान. पहिला नैवेद्य त्या घराचा, पंचायतीत शेवटचा शब्द त्या घराचा. बानाबाईचा सासरा मेला आणि देव त्या घरातून गेला. तीन वर्षं कोणाच्याच अंगात आला नाही. चौथ्या वर्षी मान भावकीतल्या सांडूच्या घरात जाणार, असं ठरल्यात जमा होतं. बानाबाईचा नवरा केरबा साधा माणूस, गेला मान तर गेला म्हणणारा. पण बानाबाई! तिनं आठ वर्षांच्या खंडूला मेंढवाड्याच्या मागं नेलं आणि महिनाभर शिकवलं. मान अशी टाकायची, दात असे आवळायचे, डोळे वर न्यायचे, हुंकार पोटातून काढायचा. चुकला की फोकाटीचा सपकारा. पोरगं रडायचं, परत करायचं.

एके दिवशी सांडूची धाकटी बहीण सरू तिथून शेण वेचत आली आणि तिनं ते पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, लग्न ठरलेलं, खो खो हसली. "काय वयनी, देवाची तालीम चाललीय व्हय?"

ते हसू सरूला भोवलं. जत्रेच्या दिवशी ढोल घुमला, खंडू घुमायला लागला आणि भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं त्याच्या पायावर पडली. मेंढरं पटापटा मरत होती तेव्हा. लोकांनी विचारलं, देवा, काय चुकलं? पोरानं शिकवल्याप्रमाणं बोट उचललं. सरूवर. हिच्या पायगुणानं कळप बसला. सरू ओरडत राहिली, खोटं हाय, खोटं हाय, म्या डोळ्यांनी पाह्यलंय. देवाला खोटं म्हणते म्हणून तिच्या सख्ख्या भावानंच, सांडूनं, तिच्या थोबाडीत मारली. लग्न मोडलं. पाणवठा बंद झाला. वर्षभरात ती वाडी सोडून गेली, ती परत आली नाही.

बानाबाईला त्याचं काही वाटलं नाही असं नाही. आठेक दिवस वाटलं. मग मान मिळाला, काठी मिळाली, आणि लोक रोज पायाशी यायला लागले की खोटंसुद्धा अंगवळणी पडतं. पुढं पुढं तिलाच वाटायचं, न जाणो, पोराच्या अंगात खरंच काहीतरी येत असेल.

"मग?" बन्सीनं सगळं ऐकून घेतलं आणि प्रथमच आवाज खाली आणला. "आता रस्ता एकच. ते सोंग होतं, हे पुढं आलं पाहिजे. मी अपिलात तसं लिहितो. तहसीलमार्फत तुमच्या पोलीस पाटलाकडं चौकशीचा कागद येईल. तो जबाब घेईल, साक्ष घेईल आणि अहवाल परस्पर वर पाठवील. त्या अहवालावर जे लिहिलं असेल ते मग ब्रह्मदेवालाही पुसता यायचं नाही. नुसता तुमचा शब्द चालणार नाही, तुम्ही एकदा बोलून बसलात. डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाहिजे. तुमच्याशी वैर असलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. वैऱ्याला कोणी खोटा साक्षीदार म्हणत नाही."

डोळ्यांनी पाहिलेली वैरीण तर होतीच, सरू. आणि अहवाल लिहिणारा वाडीचा पोलीस पाटील कोण? सांडू!

तरी ती सरूकडं गेली. म्हातारीची हिंमत म्हणा की लेकाची माया म्हणा. शहरात बीड बायपासला सात मजल्यांची इमारत उभी राहत होती, तिथं सरूबाई कामाला आहे असं कळलं होतं. तेरा सालचा उन्हाळा. वाडीत आठव्या दिवशी टँकर यायचा, हंड्यावरून बायकांची डोकी फुटायची. मेंढरं खाटकाला देऊन झाली होती, चराऊ रानात पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले होते. आणि इथं सरूबाई रबरी नळी धरून स्लॅबवर पाणी मारत होती, भळाभळा.

सरूबाईनं तिला लगेच ओळखलं. नळी खाली ठेवली नाही. पंचेचाळिशीची बाई, पण केस सगळे पांढरे, हाताची नखं सिमेंटनं खाल्लेली. लग्न नाही, पोर नाही, पत्र्याच्या खोपटात एकटी. बानाबाई बोलत राहिली आणि ती ऐकत राहिली.

"म्हंजी मपला अंगठा पाह्यजे तुला," शेवटी ती म्हणाली.

"पोरगं मरंल गं सरू. त्याचा काय गुन्हा? आठ वर्साचं लेकरू व्हतं."

"म्या बी लई मोठी नव्हते, वयनी."

"तुझ्या पाया पडते."

"पाया नको पडू. मला उन्हात उभं ऱ्हायला येळ न्हाय." सरूबाईनं नळी दुसऱ्या कोपऱ्याकडं वळवली. "येते म्या. अंगठा देते. पर आधी तू बोलायचं. बिरोबाच्या म्होरं, समद्या वाडीसमोर, ज्या जागी मला मारलं त्या जागी. कागदावर गुपचूप न्हाय."

बानाबाई घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. देवाला खोटं म्हणायचं होतं, आपल्या तोंडानं, ज्या पायरीवर पंचवीस वर्षं काठी टेकून बसली त्याच पायरीवरून. पण बन्सीचं अपील जाऊन चौकशीचा कागद सांडूकडं आला होता, आणि खंडेरावच्या गोळ्यांची पट्टी संपत आली होती. त्या गोळ्या वाडीत काय, फुलंब्रीतसुद्धा मिळत नव्हत्या, शहरात जावं लागायचं. शालू म्हणाली, मी जाऊन आणते. बानाबाई म्हणाली, "रविवार होऊ दे. सरूला घ्यायला जायचंच हाय, तवाच आणू." रविवारी शालू सरूबाईला घेऊन आली, पण त्या गोळ्या ठेवणारं दुकान रविवारचं बंद होतं. गोळी चुकून तेव्हा चार दिवस झाले होते.

दुपारी देवळापुढं वाडी जमली. सांडू पाटील ओट्यावर, मांडीवर चौकशीचा कागद, कानाला पेन. तहसीलचा कागद हाती पडल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. सरूबाई लिंबाखाली उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत. खंडेराव पायरीच्या कडेला उन्हात बसला होता. शालू त्याला सावलीत ये म्हणत होती, त्यानं मान हलवली.

बानाबाई उभी राहिली. काठी तिनं घरीच ठेवली होती.

"आयकाऽ समद्यांनी," ती म्हणाली. "मपल्या खंडूच्या अंगात देव कधी आला न्हाय. म्या शिकवलं त्याला. घुमायचं, डोळं फिरवायचं, समदं म्या शिकवलं, मेंढवाड्याच्या मागं. मानासाठी केलं. सरूनं पाह्यलं म्हणून तिचं नाव म्या घ्यायला लावलं. सरू खरं बोलत व्हती."

एक म्हातारा उठला, देवाकडं तोंड करून दोन्ही कान धरले आणि निघून गेला. सांडू लिहीत होता. त्याचा हात थांबला नाही, पण मान खाली गेली ती गेली.

मग लक्ष्मीबाई उठली. साठीची विधवा, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती हळूच म्हणाली, "बानाबाई, मपल्या गणाला ताप व्हता. फुलंब्रीच्या दवाखान्यात नेत व्हते म्या. बैलगाडी जुपली व्हती. तुपल्या पोरानं सांगितलं, भंडारा लाव, पोर उठंल. तिसऱ्या दिशी गेलं ते. ते बी तूच शिकवलं व्हतं का?"

आता इथं बानाबाईनं गप्प राहावं की नाही? तोंड मिटून उभं राहावं, शिव्या खाव्यात. पण आयुष्यभर जिला शेवटचा शब्द लागला तिला ते कुठून जमणार! तिच्या तोंडून निघून गेलं, "ते म्या न्हाय सांगितलं. ते पोरगं आपल्या मनानं बोललं. त्याला सवयच लागली व्हती."

खंडेरावनं मान वर केली. पहिल्यांदा आईकडं पाहिलं, मग लक्ष्मीबाईकडं. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि बोलणं आलंच नाही. डोळे वर गेले, मान मागं पडली, आणि ताठ लाकडासारखा तो पायरीवरून खाली आदळला.

कोणी हललं नाही. शालू तेवढी धावली. त्याला कुशीवर करायचा, तोंडात काही घालायचं नाही, हे तिला दवाखान्यात शिकवलं होतं. पण धिप्पाड गडी तिच्या एकटीच्यानं वळेना. "धरा की कुणीतरी!" ती ओरडली. दगडावर डोकं आपटत होतं, ठक, ठक, ठक.

"झालं सुरू," कोणीतरी म्हणालं.

"आता कुणाचं नाव घेतोय बगा."

पाठीमागून एक जण हसला, मग दोघं-चौघं हसले. पंचवीस वर्षं ज्या पायांवर डोकी ठेवली ते पाय धुळीत तडफडत होते, आणि माणसं हसत होती. लक्ष्मीबाई हसली नाही. ती तिथंच थुंकली आणि घराकडं वळली.

बानाबाई लेकाचं डोकं मांडीवर घ्यायला बघत होती. तिच्या लुगड्याला फेस लागला, रक्त लागलं. "अरं हे खरं हाय!" ती किंचाळली. "त्यो सोंग करत न्हाय! हे खरं हाय, फौजेतलं दुखणं हाय हे! आरं तुमाला काय काळीज हाय का न्हाय!"

"मघाशी म्हणलीस खोटं," सांडू बसल्या जागेवरून म्हणाला. "आता म्हणतीस खरं. म्या काय लिवू?"

तेव्हा बानाबाईनं लिंबाकडं पाहिलं. तिच्या बाजूनं बोलेल असं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते कोण होतं बघा! "सरू, तू सांग यांना! तू पाह्यलंय खोटं कसं व्हतं ते. तुला फरक कळतो. सांग गं माय, हे तसं न्हाय म्हणून!"

सरूबाई पुढं आली. माणसं बाजूला सरली. तिनं खंडेरावकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, घाई केली नाही. वर गेलेले डोळे पाहिले, आवळलेले दात पाहिले, थरथरणारं अंग पाहिलं. तोवर झटका ओसरायला लागला होता. एक डोळा सुजायला लागला होता, आणि मुतानं पायजमा भिजला होता. तो ओला डाग तिला दिसला, हे बानाबाईनं पाहिलं. आठ वर्षांच्या पोराच्या सोंगात तो नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"असंच व्हतं," सरूबाई म्हणाली. "मेंढवाड्याच्या मागं बी असंच दिसलं व्हतं मला. काडीचा फरक न्हाय."

आणि बोलल्याप्रमाणं तिनं सांडूसमोर हात पुढं केला. सांडूनं शाईचा डबा उघडला. एवढ्या वर्षांत त्यानं बहिणीचा हात पहिल्यांदा हातात घेतला, अंगठा शाईत टेकवला, कागदावर टेकवला. मग आपल्या धोतराच्या सोग्यानं तो अंगठा पुसून दिला. सरूबाईनं पुसू दिला. पुसून झाल्यावर ती फुलंब्रीच्या रस्त्याकडं चालायला लागली, तिला सोमवारी कामावर जायचं होतं.

सांडूनं खाली आणखी चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली. कागद पाकिटात घालायच्या आधी त्यानं तो शालूपुढं धरला. शालू बारावी शिकलेली. खंडेरावचं डोकं आता तिच्या मांडीवर होतं, तो घोरत होता. तिनं तिथूनच वाचलं. "सदर इसम लहानपणापासून आईच्या शिकवणीने झटक्याचे सोंग करीत आला आहे, असे आईने पंचांसमक्ष कबूल केले. आज रोजी चौकशीवेळीही त्याने तेच करून दाखविले. प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार सरूबाई हिने दोन्ही प्रसंग सारखेच असल्याचे सांगून अंगठा दिला. सबब, यास पूर्वी कोणताही आजार नव्हता व आजही नाही."

पाकीट बंद झालं. सांडूनं ते बंडीच्या खिशात घातलं. सकाळच्या गाडीनं ते तहसीलला जाणार होतं आणि तिथून वर. माणसं पांगली. देवळापुढं तिघंच राहिले.

बानाबाईला अक्षर येत नव्हतं. ती सुनेजवळ सरकली, पदरानं लेकाचं तोंड पुसायला लागली, आणि पुसता पुसता भीत भीत विचारलं, "काय लिवलंय गं त्यानं?"

शालूनं तिचा हात बाजूला केला आणि नवऱ्याचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं.

"काय न्हाय, आत्या. तुम्ही सांगितलं तेच लिवलंय."